रुपयामागे एक आणा : खानदेशातील शाळांचा पैसा, कारभार आणि पाटी

खानदेशातल्या मागच्या पिढीच्या तोंडी ‘फायनल पास’ हे शब्द मोठ्या मानाने येत. सातवी इयत्तेची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उतरलेला मुलगा तलाठी होई, मास्तर होई, निदान गावातली कागदपत्रे वाचून दाखवणारा तरी होई. पण फायनलपर्यंत पोचणारे किती होते, वाटेत गळणारे कोण होते आणि ज्या शाळेत ही मुले शिकली तिचा खर्च कोणी केला, याची विचारपूस फारशी झाली नाही. आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास बहुधा थोर शिक्षकांचा, दानशूरांचा आणि संस्थांचा लिहिला जातो. तो लिहिला जावाच. मात्र खेड्यातली चार इयत्तांची शाळा अशा इतिहासाच्या कडेलाच राहते. तिचा इतिहास सेस, बोर्ड, ग्रँट, बदली आणि हजेरीपट या रुक्ष शब्दांत दडलेला आहे.

या लेखात जळगाव आणि धुळे या जुन्या पूर्व व पश्चिम खानदेशातल्या प्राथमिक शाळांचा तोच इतिहास तीन प्रश्नांच्या आधाराने मांडायचा आहे. पैसा कोणाचा? निर्णय कोणाचा? आणि मूल शिकले की नाही, याचा जाब कोणी द्यायचा? गेल्या दीडशे वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे वारंवार बदलली. तिन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळाले, असे क्वचितच घडले.

चार पैंचा हिशेब

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. पण खाते उभे राहणे वेगळे आणि गावात शाळा उभी राहणे वेगळे. शाळेला मास्तर लागतो आणि मास्तराला दरमहा पगार लागतो. सरकारी तिजोरीतून सगळ्या खेड्यांसाठी ही सोय होण्यासारखी नव्हती. म्हणून १८६० नंतरच्या दशकात मुंबई सरकारने जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली. हाच तो लोकल फंड सेस. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्का आधार मिळाला. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्ते वगैरे कामांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी, अशी वाटणी होती.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका आण्याच्या बारा पै. त्यातल्या चार पै शाळेच्या. ज्या कुणब्याचा सारा तीस रुपये, त्याने एक रुपया चौदा आणे सेस भरला आणि त्यातले दहा आणे शाळेकडे गेले. त्याच्या गावात शाळा असो वा नसो, त्याचे मूल शाळेत जावो वा न जावो, दहा आणे द्यावेच लागत. सारा थकला की सेसही थकत असे. दुष्काळात साऱ्याची तहकुबी झाली की शाळेचा फंडही आटे. म्हणजे खानदेशातल्या शाळेचे भवितव्य पहिल्यापासून कपाशी-ज्वारीच्या पिकाशी बांधले गेले होते.

१८८० साली मुंबई सरकारने खानदेशाचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जळगावजवळच्या आसोदे गावी एका खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. तोवर शाळेसाठी सेस घेणे सुरू होऊन पंधरा-सोळा वर्षे लोटली होती. शेतसारा भरणाऱ्या घरांतून तो पैसा नेमाने जात होता. बहिणाबाईंना मात्र आयुष्यभर लिहिता-वाचता आले नाही. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. निरक्षर प्रतिभेचे कौतुक करताना आपण एक साधी गोष्ट विसरतो. ज्या शाळेचा खर्च त्या घराने उचलला होता, त्या शाळेचे दार त्या घरातल्या मुलीसाठी नव्हते.

नेमका हाच मुद्दा जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडला. महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यातून मिळणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, ही त्यांची तक्रार होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना निदान बारा रुपये पगार द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तिन्ही प्रश्नांना एका दमात हात घालणारे मराठी भाषकाचे ते बहुधा पहिलेच निवेदन असेल.

एका जिल्ह्याचे दोन जिल्हे

१८८२ च्या रिपनच्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्डे आली. खानदेशाच्या बोर्डाच्या शाळांना लोक ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणू लागले. नाव बोर्डाचे असले तरी मास्तरची नेमणूक, बदली, तपासणी, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा शिक्षण खात्याकडेच होत्या. डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे गावकऱ्यांचा ‘दिपोटी’, वर्षातून केव्हातरी येई आणि त्या एका दिवसावर मास्तरचे वर्ष अवलंबून असे. बोर्डावर कलेक्टर अध्यक्ष. थोडक्यात पैसा गावचा आणि निर्णय खात्याचा.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचे ठाणे झाले, धुळे पश्चिमेचे राहिले. कारभाराच्या सोयीसाठी झालेल्या या वाटणीचा शाळांवर खोल परिणाम होणार होता. पूर्वेला तापीकाठची काळी जमीन होती, कपाशीचा पैसा होता, भुसावळचे जंक्शन होते, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते. पश्चिमेला शहादा-शिरपूरची सुपीक पट्टी सोडली तर साक्री-नवापूरचा डोंगराळ भाग, मेवासी मुलूख आणि सातपुड्यातली अक्राणी.

सेस साऱ्यावर बसतो. जिथे जमीन चांगली तिथे सारा जास्त, म्हणून सेस जास्त, म्हणून शाळा जास्त. जिथे डोंगर आणि जंगल तिथे सारा नगण्य. जंगलाचे उत्पन्न जंगल खात्याकडे जाई, मोहाच्या दारूवरचा कर अबकारी खात्याकडे जाई; भिल्ल-पावरा पाड्यांतून सरकारला पैसा मिळत होता, पण तो शाळेच्या फंडात येत नव्हता. वस्ती विरळ, पाडे लांबलांब, म्हणजे दर मुलामागे शाळेचा खर्च जास्त. ज्या मुलुखाला जास्त पैसा लागत होता, त्याच्याच फंडात कमी पैसा जमा होत होता. पूर्व आणि पश्चिम खानदेशातल्या साक्षरतेची दरी अनेकदा आदिवासींच्या ‘अनास्थे’ने समजावून सांगितली जाते. आधी सेसचा हिशेब मांडला तर त्या अनास्थेचा बराचसा भाग फंडाच्या रचनेत सापडतो.

याला पर्याय नव्हता असेही नाही. नवापूरची सीमा ओलांडली की बडोदा संस्थानचा सोनगड भाग लागतो. तिथे सयाजीराव गायकवाडांनी १८८५ मध्ये धाणका मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली होती. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर सक्ती लागू केली. ज्या वर्षी ब्रिटिश मुलुखात खानदेशाचे दोन जिल्हे झाले, त्याच वर्षी शेजारी सक्तीचा कायदा झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. संस्थानिकाला पैसा आणि निर्णय एका हाती ठेवता येत होता. इलाख्यात तो तीन खात्यांत आणि दोन बोर्डांत विखुरलेला होता.

स्कूल बोर्डाचा जमाना

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शाळांचा कारभार शिक्षण खात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि मोठ्या नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे देणे हा त्याचा गाभा. सक्तीची योजना बोर्डाने आखायची आणि त्यामुळे वाढणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा, अशी रचना होती. कायदा उदार होता, तिजोरी नव्हती. योजना कागदावर तयार होत आणि पैशाअभावी मंजुरीवाचून पडून राहत. १९३० नंतर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, सरकारने काटकसर सुरू केली. कापसावर जगणाऱ्या खानदेशाला हा घाव दुहेरी बसला.

पैसा आला नसला तरी सत्ता आली होती. मास्तरची नेमणूक आणि बदली आता निवडून आलेल्या माणसांच्या हाती होती. यात एक खरी लोकशाही होती. पिढ्यान्‌पिढ्या सेस भरणारा शेतकरी पहिल्यांदाच बोर्डाच्या खुर्चीवर बसला, आपल्या गावाला शाळा मागू लागला, आपल्या समाजातला मास्तर पुढे आणू लागला. फुल्यांनी मागितलेल्या गोष्टींपैकी काही या काळात घडू लागल्या. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मास्तर हा गावातला लिहिता-वाचता, चार लोकांत वजन असलेला माणूस. निवडणुकीत त्याचा उपयोग होई. म्हणून बदली हे बक्षीसही झाले आणि शिक्षाही. पश्चिम खानदेशात अक्राणीची बदली म्हणजे काळे पाणी समजले जाई. याचा अर्थ असा की सर्वांत चांगल्या शिक्षकाची गरज जिथे होती, तिथे शिक्षा झालेला किंवा वशिला नसलेला मास्तर जात होता.

१९२९ मध्ये हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे दिलेल्या या कारभारावर कडक टीका केली. तिचा एक आकडा मात्र कारभारापलीकडचा होता. १९२२-२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. इतके दिवस शाळांची आणि पटावरच्या नावांची संख्या मोजली जात होती. आता मूल पुढे जाते का, हे मोजले गेले. लोकल बोर्डाच्या बहुतेक शाळांत एकच मास्तर चार वर्ग सांभाळी. पहिलीचा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित. कपाशी वेचणीला मुले शेतात, गुरांमागे मुले रानात. पुण्या-मुंबईच्या मराठीतले पुस्तक अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासमोर ठेवले जाई आणि ते अडखळले की मूल मंद ठरे. पहिलीतच दोन-तीन वर्षे काढून ते शाळेला रामराम ठोकी.

आंबेडकरांचा आक्षेप

हार्टोगच्या आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शंभरातली अठराच मुले चौथीला पोचतात हे दाखवून दिले होते. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेबही त्यांनी तिथेच मांडला. लोकांच्या दारूवर जितके मिळते तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चा, ही त्यांची मागणी मोहाच्या दारूवर कर भरणाऱ्या सातपुड्याला तंतोतंत लागू होती.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि म्हणूनच तो फारसा सांगितला जात नाही. मे १९२८ मध्ये सायमन आयोगाला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांच्या हाती देणे थांबवा, अन्यथा अस्पृश्यांच्या शिक्षणाला मोठा धक्का बसेल, असे त्यांनी बजावले. लोकनियुक्त बोर्ड म्हणजे लोकशाही, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. बोर्डावर निवडून येणारा माणूस ज्या गावातून येतो, त्या गावाचा विटाळही तो बरोबर आणतो. सार्वजनिक शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये कायदेमंडळात मंजूर झाला होता. तो पाळायचा कोणी? ज्यांच्या ओसरीवर शाळा भरते त्यांनीच.

१९२९ मध्ये मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून आंबेडकर खानदेशात आले. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, म्हणून वस्तीतल्या एका माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि आंबेडकरांचा पाय मोडला. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत, तर महारवाड्यातल्या सात वर्षांच्या मुलाला शाळेच्या दारात काय वाट्याला येत असेल, हे वेगळे सांगायला नको. ‘कारभार जितका जवळ तितका चांगला’ असे सहज म्हणणाऱ्याने चाळीसगावचा तो टांगा आठवावा.

परत सरकारकडे, परत जिल्ह्याकडे

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आदल्याच वर्षी डिसेंबरात पूर्व खानदेशातल्या फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले होते, आणि खेड्याच्या शाळेचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आला होता. १९३८ च्या दुरुस्तीने स्कूल बोर्डाचा प्रशासन अधिकारी आणि शाळातपासणी सरकारकडे गेली. स्वराज्याची मागणी करणाऱ्या पक्षानेच स्थानिक स्वराज्याचे हात आखडले, हे विसंगत वाटते. पण पंधरा वर्षांच्या अनुभवातून ते आले होते. १९४७ च्या नव्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे स्वतंत्र केली आणि खर्चाचा फार मोठा भार राज्याने घेतला.

माध्यमिक शिक्षणाची वाट या काळात निराळीच राहिली. ती खासगी संस्था आणि दानशूरांनी घडवली. अमळनेरला प्रताप शेठजींच्या दातृत्वावर हायस्कूल, तत्त्वज्ञान मंदिर आणि १९४५ मध्ये कॉलेज उभे राहिले. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या हायस्कुलात शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. तिकडे खिरोद्याला धनाजी नाना चौधरींच्या परंपरेतून ग्रामीण शिक्षणाचे केंद्र वाढले आणि त्याच घरातले मधुकरराव चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. पण जिथे गिरणी होती, व्यापारी पेठ होती, संपन्न शेतकरी होता, तिथेच हे होऊ शकले. दानाचा भूगोलही सेसच्या भूगोलासारखाच निघाला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. स्कूल बोर्डे गेली. शाळा आणि शिक्षक जळगाव व धुळे जिल्हा परिषदांकडे आले. शिक्षण समिती लोकप्रतिनिधींची, शिक्षणाधिकारी सरकारचा, पगार राज्याच्या अनुदानातून. एका अर्थाने १८८४, १९२३ आणि १९३८ या तिन्हींची ही गोळाबेरीज होती. जिल्हा परिषदेने केलेले काम मोठे आहे. शाळा वाड्यावस्त्यांवर गेली, मास्तरचा पगार पिकावर अवलंबून राहिला नाही, फी गेली. सेस शिक्षणाचा आधार राहिला नाही आणि पश्चिमेवरचा जुना अन्याय निदान तत्त्वतः दूर झाला.

पण पैसा मुंबईतून येऊ लागला तसा निर्णयही मुंबईतून येऊ लागला. जिल्हा परिषदेकडे मुख्यत्वे बदल्या, बांधकामे आणि खरेदी उरली. आदिवासी भागात तर कारभाराला आणखी फाटे फुटले. एकाच तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा, आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा आणि संस्थेची अनुदानित आश्रमशाळा. नर्मदाकाठच्या बुडणाऱ्या गावांत १९९० नंतर लोकांनी स्वतःच्या जीवनशाळा काढल्या आणि पावरी-भिलोरीतून शिकवायला सुरुवात केली. दीडशे वर्षांत जो प्रश्न कोणत्याही बोर्डाने नीट हाताळला नाही, तो मुलाच्या भाषेचा प्रश्न धरणाला विरोध करणाऱ्या पाड्यांनी हाताळला.

आकडे आणि त्यांच्या मागचे

१९९७ च्या सुमारास केंद्राच्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातून बीड, जालना, गडचिरोली यांच्याबरोबर धुळ्याची निवड झाली. मागासलेपणाची ती अधिकृत कबुली होती. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, नंदुरबार हे सहा तालुके तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेत साक्षरता जळगाव ७८, धुळे ७३ आणि नंदुरबार ६४ टक्के अशी दिसते, राज्याची ८२. नंदुरबार दहा वर्षांत ५६ वरून ६४ वर आले, ही दिलासा देणारी गोष्ट. पण पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत जाणारी ही पायरी आपल्या ओळखीची आहे. १९०६ मध्ये चार पैंच्या हिशेबाने जी उतरण तयार झाली, तिचाच माग या आकड्यांत लागतो.

साक्षरता म्हणजे शिकणे नव्हे, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. २००५ पासून ‘असर’च्या पाहण्या पाचवीतल्या मुलासमोर दुसरीचा उतारा ठेवतात आणि त्यातली कितीतरी मुले अडखळतात. हार्टोगच्या काळी मूल पहिलीत अडकून शाळा सोडत होते. आता ते वर्गोन्नतीने वर जाते आणि न वाचताच वर जाते. गळती पटावरून पाटीवर आली आहे.

आणि जाब कोणी द्यायचा? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. बोर्डावर पाटलाच्या शेजारी कधी न बसलेली बाई आता गावच्या समितीत बसते, हे फुले-आंबेडकरांच्या मागणीचेच फळ. पण तिच्या हाती शिक्षकाची नेमणूक नाही, निधी जुजबी आहे. दुसऱ्या टोकाला, मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली; कारभार प्रशासकाकडे गेला. २०२५ च्या सुरुवातीला धुळे व नंदुरबारचीही मुदत संपली. १८८४ मध्ये कलेक्टर अध्यक्ष असलेल्या बोर्डाची आठवण व्हावी असे हे चित्र आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव पुढे आला. अशा शाळा तेव्हा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. नमुना म्हणून ज्या ठिकाणांकडे बोट दाखवले गेले, त्यांत नंदुरबारचे तोरणमाळ होते. चांगली इमारत, विषयवार शिक्षक, सोबतीला मुले, हे फायदे खरेच आहेत, आणि पाच मुलांच्या एकशिक्षकी शाळेचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. तरी निर्णय घेताना तीन जुने प्रश्न विचारलेच पाहिजेत. वाचलेला पैसा त्याच मुलांवर खर्च होणार का? पाडा सोडून सहा वर्षांचे मूल, त्यातही मुलगी, पाठवायची की नाही हे ठरवताना तिच्या आईला कोणी विचारणार का? आणि तीन वर्षांनी ती मुलगी वाचू लागली नाही, तर कोणाला धरायचे?

खानदेशाचा अनुभव सांगतो की, गावाकडे दिलेली सत्ता गावातल्या दुबळ्याला आपोआप मिळत नाही आणि राजधानीतून आलेला पैसा पाड्यावरच्या मुलाला आपोआप शिकवत नाही. सत्ता जवळ असावी, पण तिच्यावर दुबळ्यांचा हक्क कायद्याने बांधलेला असावा. पैसा गरजेच्या मापाने यावा, पिकाच्या किंवा पटाच्या मापाने नव्हे. शाळा किती, पट किती, खर्च किती हे रकाने आपण दीडशे वर्षे भरत आलो आहोत. कोणते मूल वाचू शकत नाही आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा रकाना अजून कोराच आहे. जिल्हा परिषदेच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला त्या रकान्याबद्दल विचारता येईल.